पट्टेरी केळ : लागवड आणि थंडीपासूनच्या जपणुकीचा इतिहास

पट्टेरी केळ म्हणजे पान, खोड आणि कोवळे फळ यांवर हिरव्या रंगाबरोबर पांढरे पट्टे वागवणारी केळ. या गटातली सर्वांत नामांकित जात हवाई बेटांवरची ‘आए-आए’. तिचा पोंगा उलगडू लागला की पानाची घडी सुटता सुटता मधल्या शिरेपासून कडेपर्यंत रंगांचे फराटे दिसू लागतात. गडद हिरवा, फिकट हिरवा, राखी आणि दुधी पांढरा असे चार-पाच रंग त्यात असतात, आणि एका पानासारखे दुसरे पान येत नाही. घडातली कच्ची फळेही अशीच पट्टेदार असतात. ती पिकली की पट्टे विरतात आणि फळ पिवळे दिसू लागते.

ही केळ जितकी देखणी तितकीच वाढवायला अवघड आहे. उन्हाने तिचे पांढरे भाग करपतात, थंडीने पान काळवंडते, आणि पुढची पिढी पट्टेरीच निघेल याची खात्री नसते. तरीही ती आजवर टिकली, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी तिचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोवळे रोप, निवडून वेगळा केला आणि तो जगवला. केळ थंडीपासून वाचवण्याची कलाही अशीच, शतकानुशतके हाताखालून शिकली गेली. आरंभी सारी धडपड पान वाचवण्याची होती. केळीचा जीव कंदात असतो हे ध्यानात आले तेव्हा ही कला पक्व झाली.

वनस्पती आणि तिची मर्यादा

केळीला झाड म्हटले जात असले तरी ते लाकूड नसलेले प्रचंड मोठे रोप आहे. ज्याला खोड म्हणतात तो पानांच्या देठांचे तळ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून झालेला खांब असतो. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्यावरच्या डोळ्यांतून मुनवे फुटतात, आणि नवी पाने काढणारा वाढबिंदू कंदाच्या माथ्यावर, जमिनीच्या पातळीजवळ असतो. फुलोऱ्याची वेळ आली की हाच वाढबिंदू पाने काढणे थांबवतो आणि केळफुलाचे रूप घेऊन पोकळीतून वर सरकतो. थंडीच्या दृष्टीने ही रचना निर्णायक आहे. वाढबिंदू खाली असताना वरचा खांब गारठून गेला तरी केळ पुन्हा फुटते. तो वर चढल्यावर खांब गेला तर त्या खांबाचा घडही जातो, आणि पुढची आशा मुनव्यांवर उरते.

केळीची वाढ २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जोमाने होते. पारा १६ अंशांखाली गेला की नवे पान यायला फार दिवस लागतात. पारा आणखी उतरून सुमारे १२-१३ अंशांखाली गेला की पेशींना इजा होऊ लागते. फळाच्या सालीतला चीक साकळतो, सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि फळ नीट पिवळे होत नाही. म्हणूनच जहाजातून नेल्या जाणाऱ्या केळ्यांचे तापमान साधारण १३-१४ अंशांखाली जाऊ देत नाहीत. शून्याला दंव गोठले की पाने उकडल्यासारखी लोळागोळा होतात आणि दोन-तीन दिवसांत काळी पडतात. जमिनीतला कंद मात्र मातीच्या उबेमुळे हलक्या गोठणातून तरून जातो.

पट्टेरीपणाचे कारण वाढबिंदूतल्या पेशींमध्ये आहे. काही पेशीकुळांत हरितद्रव्य तयार होते, काहींत होत नाही, आणि दोन्ही कुळे एकाच रोपात शेजारी शेजारी नांदतात. अशा रोपाला वनस्पतिशास्त्रात ‘कायमेरा’ म्हणतात. पांढरा भाग अन्न तयार करत नाही. त्याचे पोषण हिरव्या भागाला करावे लागते. त्यामुळे पट्टेरी केळ साध्या केळीपेक्षा सावकाश वाढते, आणि थंडीत वाढ मंदावली की तिच्याजवळची शिल्लक लवकर आटते. एका कंदाला फुटलेल्या मुनव्यांतही समानता नसते. एखादा अगदी हिरवा निघतो, एखादा पांढराशुभ्र. पांढरा मुनवा आईपासून तोडला की उपाशी मरतो. हिरवा जोमाने वाढून साऱ्या बेटाचे पाणी ओढतो आणि पट्टेरी सोबत्याला मागे टाकतो. म्हणून हिरवा मुनवा वेळीच काढावा लागतो आणि ज्यात दोन्ही रंगांचा समतोल आहे तो राखावा लागतो.

पॅसिफिकमधले घर

केळीच्या लागवडीचा सर्वांत जुना ठोस पुरावा न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या कुक येथे सापडला. तिथल्या दलदलीत मातीचे उंचवटे रचून सुमारे ७,००० वर्षांपूर्वी केळी लावल्या जात होत्या, असे मातीत उरलेल्या केळीच्या सूक्ष्म सिलिकाकणांवरून ठरवण्यात आले. हे ठिकाण २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असलेल्या त्या खोऱ्यात रात्री गार असतात. केळ आणि गारवा यांचा संबंध त्यामुळे फार जुना आहे.

तिथून आणि आग्नेय आशियातून केळी माणसाबरोबर पूर्वेकडे गेल्या. पॉलिनेशियन दर्यावर्दी आपल्या जोडहोड्यांतून जी मोजकी पिके नेत, त्यांत तारो, ब्रेडफ्रूट, ऊस यांबरोबर केळीचे कंदही होते. लागवडीच्या केळीला रुजणारे बी नसते, त्यामुळे बेट बदलायचे तर जिवंत कंदच न्यावा लागे. खाऱ्या फवाऱ्यापासून जपत, ओल टिकवत नेलेले हे कंद सुमारे हजार वर्षांपूर्वी हवाईला पोचले. तिथे खोऱ्याखोऱ्यांतून केळीच्या अनेक जाती निवडल्या गेल्या. आए-आए त्यांतलीच. तिला ‘कोआए’ आणि ‘मनिनी’ अशीही नावे आहेत. पहिले पांढऱ्या समुद्रपक्ष्यावरून आलेले, दुसरे पट्टेरी माशावरून.

जुन्या हवाईत केळी खाण्याला कडक निर्बंध होते. ‘कापू’ या आचारसंहितेनुसार स्त्रियांना डुकराचे मांस, नारळ आणि मोजक्या जाती वगळता बाकीच्या केळी वर्ज्य होत्या, आणि स्त्री-पुरुषांनी एका पंगतीला बसणेही निषिद्ध होते. १८१९ मध्ये राजा दुसरा कामेहामेहा स्त्रियांबरोबर जेवायला बसला आणि ही संहिता मोडली. पट्टेरी केळ सरदार-राजघराण्यांसाठी राखलेली होती, असे हवाईत परंपरेने सांगितले जाते.

हवाईत तिला दंवाची धास्ती नव्हती. तिची खरी गरज होती निवाऱ्याची. दुपारच्या कडक उन्हात पानाचे पांढरे पट्टे तपकिरी होऊन फाटतात, जोराच्या वाऱ्याने पानाच्या चिंध्या होतात. म्हणून दमट खोऱ्यांचा आडोसा आणि मोठ्या झाडांची विरळ सावली तिला मानवते. मूळ घराने शिकवलेला हा धडा पुढे ती जिथे जिथे गेली तिथे उपयोगी पडला.

युरोपातली काचगृहे

युरोपात केळ जगवण्याची धडपड १८ व्या शतकात रंगात आली. हॉलंडमध्ये हार्लेमजवळ हार्टेकाम्प येथे जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाची बाग होती. डच ईस्ट इंडिया कंपनीशी त्याचा संबंध असल्याने उष्ण देशांतल्या वनस्पती त्याच्याकडे येत. बागेची व्यवस्था तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस पाहत होता. तिथली केळ अनेक वर्षे नुसती पाने काढत होती. लिनियसने तिला कसदार माती दिली, काही आठवडे पाणी तोडले आणि मग पावसाळा आल्यासारखे भरपूर पाणी घातले. केळ फुलली आणि तिला फळे धरली. १७३६ मध्ये त्याने या एकाच केळीवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. उष्ण प्रदेशातल्या वनस्पतीला नुसती ऊब पुरत नाही, तिला तिचा ऋतूही द्यावा लागतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

त्या काळी ऊब मिळवण्याचे साधन साधे होते. चामडे कमावून झाल्यावर उरलेली ओकची साल खड्ड्यात दाबून भरत. ती सावकाश कुजते आणि कित्येक आठवडे सौम्य उष्णता देत राहते. तिच्यात कुंड्या गळ्यापर्यंत पुरल्या की मुळांना खालून शेक मिळे. ताज्या शेणाने उष्णता लवकर चढते आणि लवकर उतरते, सालीने ती स्थिर राहते. अननस आणि केळी दोन्ही याच खड्ड्यांवर वाढल्या. पान काचेखाली आणि मूळ सालीच्या उबेत, ही जोडी पुढे शतकभर चालली. कुंडीतली केळ आधी मुळाशी गारठते ही समज माळ्यांना इथेच आली.

१९ व्या शतकात लोखंडी नळांतून गरम पाणी फिरवण्याची पद्धत आली. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकचा, विल्यम कॅव्हेंडिशचा, मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन होता. त्याच्याकडे एक बुटकी केळ आली. ती मूळची दक्षिण चीनची. १८२६ च्या सुमारास चार्ल्स टेल्फेअरने ती मॉरिशसला आणली आणि तिथून १८२९ मध्ये रोपे इंग्लंडला पाठवली. पॅक्स्टनने तिला प्रशस्त जागा, कसदार माती आणि सतत दमट उष्ण हवा दिली. नोव्हेंबर १८३५ मध्ये ती निसवली आणि पुढच्या मे महिन्यात घड पिकला. ड्यूकच्या घराण्यावरून तिला कॅव्हेंडिश हे नाव मिळाले.

या केळीचा पुढचा प्रवास काचेच्या पेटीतून झाला. नॅथनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने बंद काचपेटीत रोपे आपल्याच ओलाव्यावर तग धरतात हे १८२९ च्या सुमारास हेरले होते. अशा पेट्यांमुळे खारा वारा आणि थंडी दोन्ही बाहेर राहत. मिशनरी जॉन विल्यम्सने ड्यूककडून मिळालेली कॅव्हेंडिशची रोपे अशाच पेट्यांत घालून सामोआला नेली. तिथून ती पॅसिफिकच्या इतर बेटांवर पसरली. काचगृहातली केळ अशी पॅसिफिककडे निघाली होती.

पॅक्स्टनने १८३६ ते १८४० या काळात चॅट्सवर्थला ‘ग्रेट स्टोव्ह’ नावाचे अवाढव्य काचगृह उभारले. ते सुमारे ८४ मीटर लांब, ३७ मीटर रुंद आणि १९ मीटर उंच होते. जमिनीखालच्या आठ बॉयलरांतून निघालेले गरम पाण्याचे नळ एकत्र मोजले तर ११ किलोमीटरच्या घरात जात. कोळसा आणण्यासाठी भुयारातून छोटी रूळगाडी चाले. बागेच्या देखाव्यात धूर नको म्हणून तो लांबवर नेऊन सोडला जाई. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला आणि काचगृहे सरदारांच्या वाड्यांपुरती न राहता सधन मध्यमवर्गाच्या अंगणात पोचली.

याच काचगृहांत चित्रविचित्र पानांच्या वनस्पतींची हौस वाढली. क्रोटन, बेगोनिया, कॅलॅडियम यांच्याबरोबर पट्टेरी केळही ‘मुसा व्हिट्टाटा’ या नावाने १८६० च्या दशकात युरोपभर माहीत झाली. सुंदर पानांच्या वनस्पतींवर रंगीत चित्रांची पुस्तके निघाली. एडवर्ड जोसेफ लो यांचे अशा विषयावरचे पुस्तक १८६१ चे आहे. फुलासाठी वा फळासाठी नव्हे, तर पानासाठी केळ ठेवण्याची ही सुरुवात. पानासाठी केळ ठेवायची तर पानाला एकही डाग चालत नाही. त्यामुळे काचगृहाची ऊब रात्री १५-१६ अंशांखाली जाऊ न देणे हा माळ्याचा हिवाळाभरचा जागता पहारा झाला.

या साऱ्या डोलाऱ्याचा आधार कोळसा होता. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली, माणसे आघाडीवर गेली आणि चॅट्सवर्थच्या ग्रेट स्टोव्हमधल्या वनस्पती थंडीने मेल्या. १९२० मध्ये ते काचगृह पाडण्यात आले. बाहेरून विकत आणलेल्या उबेवर जगणारी बाग ती ऊब थांबताच संपते, हे त्यातून स्पष्ट झाले.

पेंढ्याचे वेष्टण

काचेबाहेर केळ जगवण्याची दुसरी परंपरा पूर्व आशियातली आहे. ‘मुसा बासजू’ ही कणखर केळ मूळची दक्षिण चीनची. ती जपानी बागांत फार पूर्वीपासून पानांसाठी लावली जाते. तिची फळे खाण्याजोगी नसतात. १६८१ मध्ये एका शिष्याने आपल्या कवी-गुरूच्या झोपडीपुढे ही केळ लावली, आणि त्या केळीचे ‘बाशो’ हे नाव धारण करून तो कवी पुढे जगप्रसिद्ध झाला. हिवाळ्यात नाजूक झाडांना भाताच्या पेंढ्याचे आवरण घालण्याची रीत जपानी बागकामात रुळलेली आहे.

ही केळ १९ व्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनच्या बागांत आली. त्याआधी लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये जॉन गिब्सनने १८६० च्या दशकात उष्ण प्रदेशाचा आभास देणारी बाग तयार केली होती. गिब्सन पॅक्स्टनच्या हाताखाली शिकलेला. वनस्पती गोळा करण्यासाठी तो भारतात कलकत्ता आणि खासी टेकड्यांपर्यंत जाऊन आला होता. बॅटरसीत तो मोठ्या पानांची रोपे उन्हाळ्यात उघड्यावर लावी आणि शरदात पुन्हा काचेखाली नेई. बासजूमुळे रोप उचलून आत नेण्याची गरज उरली नाही.

वेष्टणाची पद्धत आजही तीच आहे. पहिल्या दंवाने पाने गेली की ती देठापाशी छाटतात. खांब हवा तेवढा उंच राखून त्याभोवती जाळीचा पिंजरा उभा करतात. खांब आणि जाळी यांमधली हातभर जागा कोरड्या पेंढ्याने गच्च भरतात. वर पाऊस झिरपू नये म्हणून झाकण ठेवतात, बाजूंनी मात्र हवा खेळती ठेवतात. बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर देतात. या पद्धतीत थंडीपेक्षा ओल अधिक घातक ठरते. ओला पेंढा थंडी अडवत नाही आणि खांब वरून कुजू लागतो. वसंतात उघडून पाहिल्यावर वरचा भाग मऊ लागला तर तो टणक गाभा दिसेपर्यंत चकत्यांनी कापत खाली येतात. गाभा शाबूत असला की काही आठवड्यांत त्यातून पोंगा वर येतो.

अमेरिकेत फ्लॉरिडातही असाच अनुभव आला. डिसेंबर १८९४ आणि फेब्रुवारी १८९५ मधल्या दोन गोठणांनी तिथल्या संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त केल्या. कोवळ्या झाडांच्या बुंध्याला मातीची भर घालून ठेवण्याची पद्धत तिथे रूढ होती. ज्या झाडांचा बुंधा मातीखाली असतो ती वरून गेली तरी पुन्हा फुटतात. केळीला ही युक्ती आणखी चपखल बसते, कारण तिचा कंद मुळातच मातीत असतो. आए-आए पुढे फ्लॉरिडातल्या हौशी बागांत पोचली, तेव्हा भर घालणे, खांब गुंडाळणे आणि दंवाच्या रात्री रोप झाकणे हे तिथे अंगवळणी पडलेले होते.

खानदेशातला हिवाळा

महाराष्ट्रात केळीच्या दोन जगांचे हवामान वेगळे आहे. वसईच्या राजेळीला आणि ती वाळवून केलेल्या सुकेळीला, तसेच शेजारच्या गोव्यातल्या मयड्याच्या केळीला, समुद्राची ऊब लाभते. तिथे रात्रीचा पारा फार घसरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा या भागात मात्र केळ उन्हाळ्यात चाळिशीपार तापते आणि डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांखालच्या रात्री सोसते. जळगाव हा राज्यातला केळीचा सर्वांत मोठा जिल्हा. इथली जुनी बसराई ही कॅव्हेंडिश गटातलीच बुटकी केळ, आणि आजची ग्रँड नैन हीही त्याच गटातली. चॅट्सवर्थला नळांच्या उबेत वाढलेल्या केळीची ही भावंडे खानदेशात उघड्या रानात हिवाळा काढतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

लागवडीचे दोन हंगाम आहेत. जून-जुलैतल्या लागवडीला मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या लागवडीला कांदेबाग म्हणतात. थंडी दोन्हींना वेगवेगळ्या अवस्थेत गाठते. मृगबागेत खांबाच्या आत घडाची घडण चालू असते. ती मंदावली की निसवण लांबते, घड गळ्यात अडकतो, फण्या आखूड राहतात. कांदेबागेची रोपे कोवळी असतात, त्यांची वाढ खुंटते. पानांवर पिवळे-तपकिरी डाग येऊन पान करपते, त्याला शेतकरी चरका म्हणतात.

यावरचे उपाय अनुभवातून जमले आणि जळगावच्या केळी संशोधन केंद्राने व कृषी विद्यापीठाने ते शिफारशींत बसवले. बागेच्या उत्तर-पश्चिम अंगाला शेवरीचा किंवा गजराज गवताचा दाट पट्टा लावून वारा अडवतात. थंडीच्या रात्री विहिरीचे किंवा बोअरचे पाणी देतात. जमिनीतून आलेले पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असते, आणि ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवून पहाटे सोडते. बुंध्याशी निंबोळी पेंड आणि केळीच्याच वाळल्या पानांचे आच्छादन देतात. घडाला सच्छिद्र प्लास्टिकची पिशवी घालतात. पहाटे तीन-चारच्या सुमारास बांधाबांधावर काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटतात. हवा शांत असेल तर धूर बागेवर पसरून राहतो. त्यात धुरापेक्षा आगीची ऊब आणि तिने हलणारी थंड हवा अधिक उपयोगी ठरते, कारण निरभ्र रात्री सर्वांत गार हवा जमिनीलगत साचलेली असते. हवामानावर आधारित पीकविम्यात केळीसाठी कमी तापमानाची जोखीम धरली जाते, यावरून इथल्या अर्थकारणात थंडीचे वजन कळते.

खानदेशात पानावरच्या पट्ट्यांचा अर्थही वेगळा लागतो. इथे केळीच्या पानावर फिकट पिवळे पट्टे दिसले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण ते बहुधा ‘हरण्या’चे लक्षण असते. हा कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणारा रोग मावा किडीमार्फत पसरतो आणि त्यावर औषध नाही. रोगट रोप मुळासकट उपटून नष्ट करावे लागते. आनुवंशिक पट्टेरीपणात रंगांची सीमा ठळक असते, पान सरळ आणि निरोगी असते, आणि तो शेजारच्या केळीला लागत नाही. विषाणूचे पट्टे तुटक, पिवळट असतात, पान आखूड होते, मुरडते आणि पोंगा कुजतो. पट्टेरी केळ हौसेने आणणाऱ्याने, विशेषतः केळीच्या पट्ट्यात, हा फरक ओळखूनच रोप घ्यायला हवे.

प्रयोगशाळा आणि मुनवा

२० व्या शतकाच्या अखेरीस टिश्यूकल्चरने केळीची लागवड पालटली. वाढबिंदूचा छोटा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवून त्यापासून हजारो एकसारखी, रोगमुक्त रोपे मिळू लागली. खानदेशात ग्रँड नैन आणि ठिबक सिंचन यांची जोडी यामुळेच जमली.

पट्टेरी केळीला हे तंत्र फारसे लाभले नाही. बाटलीत नवा अंकुर थोड्याच पेशींपासून फुटतो. त्या हिरव्या कुळातल्या असतील तर रोप कोरे हिरवे निघते, पांढऱ्या कुळातल्या असतील तर ते जगत नाही. दोन्ही कुळे योग्य थरांत एकत्र आली तरच पट्टे टिकतात. म्हणून आए-आए प्रामुख्याने जुन्याच मार्गाने, मुनव्याने किंवा कंदाच्या तुकड्याने वाढते. संथ वाढ, मोजके मुनवे आणि त्यांतूनही पट्टेरी निवडावे लागणे, या तीन कारणांनी तिची किंमत सदैव चढी राहिली. उलट प्रयोगशाळेतल्या रोपांत पेशींच्या बदलामुळे कधी कधी नवे पट्टेरी रोप आपोआप उद्भवते. व्यापारी बागेत असे रोप वगळले जाते, पण हौशी संग्राहक ते जपतात.

आजची पद्धत

पट्टेरी केळीची आजची निगा या साऱ्या वाटांवरून आलेल्या शहाणपणाची बेरीज आहे. निचऱ्याची, शेणखताने समृद्ध माती तिला लागते. सकाळचे ऊन आणि दुपारची विरळ सावली तिला मानवते. वाढीच्या दिवसांत भरपूर पाणी आणि पालाशयुक्त खत द्यावे. नुसत्या नत्राच्या माऱ्याने पेशी लुसलुशीत होतात आणि थंडीला बळी पडतात. मुनवा वेगळा करण्याचा हंगाम उन्हाळ्याची अखेर ते पावसाळा. तलवारीसारख्या अरुंद पानांचा, कमरेएवढा, स्वतःची मुळे असलेला आणि बुंध्यापासूनच पट्टे दाखवणारा मुनवा कंदाच्या तुकड्यासह धारदार पहारीने काढावा. हिवाळ्याच्या तोंडावर काढलेला मुनवा मुळे धरण्याआधीच गारठतो.

कोकणात आणि गोव्यात तिला वाऱ्याचा आडोसा पुरतो. पुणे, नाशिक, खानदेश, विदर्भ या भागांत कुंडी पश्चिम वा दक्षिण भिंतीला लावून ठेवावी. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे राज्यातले नीचांकी तापमान अनेकदा नोंदले जाते, तिथे थंड लाटेच्या रात्री रोपावर गोणपाट किंवा बागेचे पांढरे कापड चढवावे आणि सकाळी काढावे. प्लास्टिक पानाला चिकटले तर तिथेच इजा होते, म्हणून ते टेकू देऊन अंतरावर ठेवावे. नोव्हेंबरपासून पाणी कमी करावे. गारठलेली मुळे पाणी ओढत नाहीत आणि ओल्या मातीत कंद कुजतो. खानदेशातल्या रात्रीच्या सिंचनाचा नियम उघड्या शेतातल्या मोठ्या बागेसाठी आहे, कुंडीसाठी नाही.

कडक हिवाळ्याच्या देशांत राहणाऱ्यांपुढे दोन मार्ग आहेत. पट्टे शाबूत राखायचे तर कुंडी घरात, भरपूर उजेडात, १५ अंशांच्या वर ठेवावी. बंद घरातली कोरडी हवा पांढऱ्या कडा वाळवते, म्हणून दमटपणा जपावा आणि पानामागच्या लाल कोळीवर लक्ष ठेवावे. हे शक्य नसेल तर पाने छाटून, कंद मातीच्या गड्ड्यासह उचलून, न गोठणाऱ्या थंड, कोरड्या जागी वसंतापर्यंत निजवावा. बासजूप्रमाणे उघड्यावर पेंढ्यात ठेवण्याइतकी कणखरता आए-आएमध्ये नाही.

थंडीने इजा झालीच तर घाईने कापाकापी करू नये. काळवंडलेली पाने खालच्या खांबाला थोडा आडोसा देतात. थंडी संपेपर्यंत ती राहू द्यावी. ऊब परतल्यावर मऊ भाग कापून टणक गाभ्यापर्यंत यावे, कमी पाण्याने सुरुवात करावी आणि पहिले पान येण्याची वाट पाहावी. त्या पानात पट्टे असले तर वाढबिंदू वाचला आहे. पान कोरे हिरवे आले तर बुंध्याशी फुटणाऱ्या प्रत्येक मुनव्याचे निरीक्षण करून पट्टेरी निघेल तो राखावा आणि बाकीचे काढावेत.